माडीवरची गाडी

पत्र थोडक्यात असं: बेळगावच्या अनगोळ भागात राहणारे हे वाचक ५८ वर्षांचे आहेत. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) तीस वर्षं पॅटर्न मिस्त्री, म्हणजे साच्यांसाठी लाकडी नमुने करणारे, येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार. चार वर्षांपासून घराच्या माडीवर ते जुन्या मीटर गेज (रुळांत एक मीटर अंतर असलेल्या) रेल्वेचं मॉडेल करताहेत, देसूर ते लोंढा. पत्नी म्हणते, "साठीला आलासा, आणि आगीनगाडी घेऊन बसलासा!" बेंगळुरूत नोकरी करणारा मुलगा म्हणतो, ऑर्डरी घ्या, चॅनल काढा, निदान खर्च तरी सुटेल. मागवलेलं एक इंजिन गणपतीपासून फाउंड्रीतल्या लॉकरमध्ये पडून आहे, घरी न्यायचा धीर होत नाही. त्यांचा प्रश्न: हे बंद करून मोकळं व्हावं, की मुलाचं ऐकून याचा धंदा करावा? या वयात हा पोरखेळ शोभतो का?

मिस्त्री, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानी. त्यातली साडेतीन पानं वहिनी, मुलगा, पैसा आणि वय यांत गेली. उरलेल्या अर्ध्या पानात तुम्ही रुळाखाली खडी कशी पसरता ते सांगितलंय, आणि नेमकं तिथे तुमचं अक्षर सुधारलंय. तोवर खाली घसरत आलेल्या ओळी तिथे सरळ झाल्यात. मला त्या अर्ध्या पानावरच बोलायचंय, पण तुम्ही 'शोभतो का' असं विचारलंय, तेव्हा आधी ते उरकू.

तीस वर्षं तुम्ही काय केलंत? पंपांची केसिंगं, व्हॉल्व्हच्या बॉड्या, गिअरबॉक्सची घरं, सगळी लाकडात. ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून श्रिंकेज धरून तेवढं मोठं करायचं. वाळूच्या साच्यातून लाकूड अलगद निघावं म्हणून बाजूंना ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, द्यायचा. आतले कोपरे मेण भरून गोल करायचे. म्हणजे जन्मभर मॉडेलंच केलीत की! पंप गिऱ्हाइकाकडे गेला, तुमचं पॅटर्न रॅकवर धूळ खात राहिलं. त्याला कुणी पोरखेळ म्हटलं नाही, कारण एक तारखेला पगार व्हायचा. आता हात तेच, कानस तीच, व्हर्निअर तोच. पगार तेवढा नाही.

आणि आपल्याच गावातली दिवाळी बघा. वसुबारसेच्या आधीपासून गल्लोगल्ली दगडमाती येऊन पडते. चाळिशीचे बाप्ये कोपरापर्यंत चिखलात बरबटून राजगड करायचा की प्रतापगड यावरून हमरीतुमरीवर येतात. तटाखाली अळीव-मोहरी पेरतात आणि उगवली का ते सकाळी दात घासता घासता वाकून बघतात. रात्री आख्खं गाव ते किल्ले बघत फिरतं. त्या बाप्यांना 'शोभतं का हे' असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. तुमचा किल्ला दिवाळी संपली तरी मोडत नाही आणि त्यावरून गाडी जाते, एवढाच काय तो फरक.

आता खडी. तुम्ही लिहिलंय की वाळू आधी चहाच्या गाळणीतून चाळता, मग जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून. गाळणीत उरते ती जाड म्हणून टाकता, साडीतून पडते ती पीठ म्हणून टाकता, मधली ठेवता. चमच्याच्या दांड्याने ती स्लीपरांच्या मधे घालायची, रंगाच्या मऊ ब्रशने रुळाच्या माथ्यावर चढलेला एकेक खडा खाली ढकलायचा. मग पाण्याचा बारीक फवारा. मग अर्धा फेव्हिकॉल, अर्धं पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि हे सगळं इंजेक्शनच्या पिचकारीतून थेंब थेंब. साबण विसरलात की थेंब वाळूवर मोत्यासारखा बसून राहतो. आत मुरत नाही आणि निघाला तर शेजारचे चार खडे घेऊन निघतो. दोन फूट लाइन खराब करून तुम्ही हे शिकलात. एका रात्रीत फूटभर काम होतं. सकाळी कामावर जाण्याआधी चप्पल पायात घालून परत वर जाता आणि नखाने दाबून बघता, बसली का.

त्याच्या पुढे कंसात एक ओळ आहे: 'वडील गुंजीला गँगमन होते.' आणि लगेच परत वहिनींची तक्रार सुरू.

मिस्त्री, ही ओळ कंसात कशाला? गुंजीच्या पावसात ज्यांनी आयुष्यभर स्लीपरखाली खडी ठोकली, त्यांचा मुलगा रात्री साडेदहाला पिचकारी घेऊन खडी बसवतोय. वडिलांनी ठोकलेली लाइन नव्वदच्या दशकात उखडली गेली. तिच्या जागी १६७६ मिलिमीटरचं ब्रॉड गेज आलं आणि वायपी, वायजी इंजिनांचं राज्य संपलं. (ज्यांना ही नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठी: रेल्वेच्या भाषेत वाय म्हणजे मीटर गेज, पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे मालगाडी.) आज त्याच मार्गाने गाडीत बसून लोंढ्याला जाता येतं, पण वडिलांच्या लाइनवरून नाही. पोरखेळ म्हणणाऱ्यांना तुम्ही हे कधी सांगितलंय का? पत्रावरून तरी वाटत नाही.

तुमच्या अर्ध्या मिलिमीटरच्या दुःखाचंही मला फार कौतुक वाटलं. १:८७ प्रमाणात काम करता, म्हणजे खऱ्या १००० मिलिमीटर गेजला साडेअकरा मिलिमीटर हवं. तयार मिळतो तो रूळ १२ मिलिमीटरचा. स्वित्झर्लंडच्या डोंगरात मीटर गेजच्या गाड्या अजून धावतात आणि त्यांची मॉडेलं करणारे पुष्कळ, म्हणून तो मिळतो हे आपलं नशीबच. तुमचं मात्र म्हणणं की हा अर्धा मिलिमीटर डोळ्यांत खुपतो आणि झोप लागत नाही. अहो, लोकांची झोप कर्जाने उडते, जमिनीच्या दाव्यांनी उडते! अर्ध्या मिलिमीटरने झोप उडणारा माणूस सुखी आहे असंच मी समजते.

देसूर ते लोंढा चाळीसेक किलोमीटर. १:८७ ने ते साडेचारशे मीटरच्या पुढे जातं. तुमची खोली १४ फुटांची. म्हणून देसूरचा फलाट ठेवलात, इदलहोंड गाळलंत, खानापूरजवळचा मलप्रभेवरचा पूल दोन गाळ्यांत बसवलात, आणि गुंजीला मात्र सगळ्यात जास्त जागा दिलीत. काय ठेवायचं, काय सोडायचं हे तुम्ही कुणालाही न विचारता ठरवलंत, आणि उत्तम ठरवलंत. मग गाडी ठेवायची की सोडायची हे मला का विचारताय?

तर आता वहिनी.

तुम्ही धरून चाललाय की त्यांचा राग गाडीवर आहे. मला पत्रात त्याचा पुरावा सापडत नाही. सापडतं ते वेगळंच. धूळ येते म्हणून दार आतून लावता. थिनरचा वास जिन्यातून उतरून देवघरापर्यंत पोचतो. जेवण झालं की वर जाता, त्या झोपल्यावर खाली येता. खर्च विचारला की 'किरकोळ' म्हणता, आणि मला लिहिता महिन्याला तीन-चार हजार. पार्सलं घरच्या पत्त्यावर न मागवता फाउंड्रीत मागवता. 'पार्सल बंदिदे सर' (पार्सल आलंय सर) असा कुरिअरवाल्याचा फोन आला की गेटवर पळत जाता आणि खोका लॉकरमध्ये टाकता.

यातून गाडी तेवढी काढून टाका आणि उरलेलं परत वाचा. नवरा रात्री दार लावून बसतो, पैसे कुठे जातात ते सांगत नाही, काहीतरी बाहेरच्या बाहेर मागवून लपवतो. अशी वर्णनं मला दर आठवड्याला येतात, बायकांच्या पत्रांतून, आणि त्यात शेवटी दारू निघते, मटका निघतो, नाहीतर दुसरं घर. तुमच्या बाबतीत निघाली आगीनगाडी. वहिनींनी तिच्यावर नुसता टोमणा मारला, हा मला त्यांचा मोठेपणा वाटतो. माझा अंदाज चुकत असेल. कदाचित त्यांना खरोखरच रुळांचा तिटकारा असेल. पण आधी लपवाछपवी थांबवून बघा. त्यानंतरही टोमणे राहिले तर मला परत लिहा.

पैशाचं सोपं आहे. महिन्याचा एक आकडा दोघांनी मिळून ठरवायचा आणि तो घरखर्चाच्या वहीत लिहायचा, दूध आणि गॅसच्या खाली. मार्चनंतर पगार थांबेल, तेव्हा तो आकडा आजच्यापेक्षा कमीच असेल, हे मान्य करा. इंजिनासारखी मोठी खरेदी वर्षातून एकदा, आणि विचारून. पैसे नसलेल्या महिन्यात करण्यासारखं काम या छंदात भरपूर असतं. खडीला काय लागतं? डोंगराला जुनी वर्तमानपत्रं आणि खळ. गंजासाठी तुम्ही खानापूरची तांबडी माती वाळवून, वस्त्रगाळ करून मालडब्यांच्या अंगावर ब्रशने चोळता. ही युक्ती विकतच्या पावडरीहून सरस आहे, कारण या मार्गावरच्या डब्यांवर खरोखर तीच माती बसत होती.

थिनरचं मात्र सोपं नाही, ते गंभीरपणे घ्या. वास देवघरात जातो याचा अर्थ त्याआधी तो तुमच्या छातीत जातो. खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवा. थिनरचं काम सुट्टीच्या दिवशी, उजेडी, खिडक्या उघडून करायचं, रात्री नाही. जमेल तिथे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरा. धुळीसाठी लाइनवर जुनी चादर टाकली तरी चालते, दाराला कडी लागत नाही.

एक विनंती. वहिनींना हौस लावायला जाऊ नका. 'तू झाडं कर, मी रूळ करतो' असले बेत नवरे आखतात आणि बायका मनातून वैतागतात. त्यांनी बघावं, हसावं, दोन मिनिटांत खाली जावं, एवढ्यावर समाधान माना. पुण्याला जाणं झालं तर कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून लोक तिकीट काढून ते बघताहेत. तिथे दोघं जा. मोठी माणसं याच्यात रमतात हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकावं लागणार नाही.

मुलाचा सल्ला प्रेमाचा आहे. त्याच्या पिढीला वाटतं की चांगली गोष्ट जगाला दाखवावी आणि जमलं तर तिच्यावर चार पैसे मिळवावेत. यात वाईट काही नाही. माझ्या शेजारी एक गृहस्थ गणपतीची मखरं करायचे. अशी करायचे की रस्त्यावरचा माणूस आत डोकावायचा. कुणीतरी म्हणालं विका, त्यांनी विकली. दुसऱ्या वर्षी बारा ऑर्डरी, चौथ्या वर्षी चाळीस. पाचव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या घरच्या गणपतीला मखर नव्हतं, पाटावर नुसतं वस्त्र. विचारलं तर म्हणाले, वेळच झाला नाही. आता ते दुसरा धंदा करतात.

म्हणून माझं मत, धंदा नको. निदान निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष तरी नको. गिऱ्हाइकाला गुंजी नको असतं, त्याला त्याचं स्टेशन हवं असतं आणि तेही पुढच्या रविवारपर्यंत. पैसाच हवा असेल तर पॅटर्नच्या हाताला उद्यमबागेत आजही मान आहे. आठवड्यातले दोन दिवस कुणाकडे नव्या पोरांना शिकवायला गेलात तर गाड्या विकून मिळतील त्याहून जास्त मिळतील, आणि माडी माडीच राहील.

'बंद करून मोकळं व्हावं' असंही तुम्ही लिहिलंय. मोकळं कशासाठी? एप्रिलमध्ये तुम्ही असेही मोकळेच असणार आहात, सकाळी सहापासून. त्या मोकळेपणाला घाबरलेल्या माणसांची पत्रं माझ्याकडे वेगळ्या गठ्ठ्यात आहेत.

या निमित्ताने आणखी दोघांना उत्तर देऊन टाकते, कारण विषय तोच आहे.

निपाणीच्या एका तरुणाकडे विमानांच्या प्लॅस्टिक किटचे २२ खोके आहेत आणि एकही उघडलेला नाही. त्याला त्याची लाज वाटते. बाबा रे, एक उघड. सगळ्यात महागडा नको, सगळ्यात साधा. १:७२ चं छोटं विमान घे, ज्यात सहा फुटी वैमानिक एक इंचाचा होतो. भाग चौकटीतून पिळून तोडू नकोस, कटरने थोडं लांबून काप आणि उरलेला दांडा पॉलिश पेपरने घास. चिकटवण्याआधी सगळं कोरडंच जुळवून बघ. प्लॅस्टिकचं पातळ सिमेंट सांध्यावर ब्रशने टेकवलं की आपोआप फटीत ओढलं जातं आणि दोन्ही कडा विरघळून एक होतात. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा तोंडातून 'अरे!' निघतं. कॉकपिटच्या पारदर्शक काचेला फेव्हिक्विक लावू नकोस, तिच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते. हे मला अनुभवाने माहीत आहे, आणि ते विमान अजून माझ्या कपाटात मोतीबिंदू झाल्यासारखं उभं आहे. पहिलं विमान वाईटच होणार. ते झालं की २२ खोक्यांचे २१ होतील.

खानापूरच्या एका बाईंना सुट्टीत मुलीबरोबर चालती बोट करायचीय. जरूर करा. माझ्या वडिलांनी आणि मी एकदा केली होती, खोक्याच्या फळ्यांची. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर, दोन सेल, पत्र्याचा पंखा. किल्ला तलावात सोडली तर तिने आधी डावीकडे दोन गोल चकरा मारल्या, मग एका बाजूला कलली आणि ज्या शांतपणे ती पाण्याखाली गेली तशी शांतता मी नंतर पाहिलेली नाही. सेल वर, छताच्या उंचीवर बसवले होते. वजन जेवढं खाली, तळाशी, तेवढी बोट सरळ राहते. वडिलांना हे माहीत होतं, पण सेल बदलायला सोपं पडावं म्हणून त्यांनी ते वर ठेवले. ते काठावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेव्हा आधी बादलीत तरंगवून बघा, मागे दोरी बांधा, आणि वेग कमी ठेवा. खऱ्या नावेच्या पंचविसाव्या हिश्श्याची बोट तिच्या एक पंचमांश वेगाने गेली तर लाटा खऱ्यासारख्या उठतात. त्याहून जोरात गेली की ती नाव न दिसता साबणाची वडी सुटल्यासारखी दिसते.

मिस्त्री, तुमच्याकडे परत येते. लॉकरमधल्या त्या पार्सलचं आजच काहीतरी करा. लॉकरमध्ये ठेवल्याने त्याची किंमत उतरत नाही. संध्याकाळी पिशवीत न घालता, हातात घेऊन घरी या. वाटेत रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं तरी खोका शर्टाखाली घेऊ नका. घरी आल्यावर वर जाऊ नका, स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसा. किती रुपयांचं आहे ते विचारण्याआधी सांगून टाका, खरा आकडा. मग त्या जे बोलतील ते पूर्ण ऐकून घ्या. पाच मिनिटं लागतील, दहा लागतील. बोलून झालं की वडिलांचं आणि गुंजीचं सांगा, कंस काढून. आणि चिकटपट्टी कापायला कात्री त्यांच्याकडेच मागा.